जमिनीखालचा शोध: गडचिरोलीतले भूसुरुंग आणि ते हुडकण्याच्या पद्धती

१ मे २०१९ च्या पहाटे कुरखेडा तालुक्यातल्या दादापूर इथे रस्त्याच्या कंत्राटदाराची वाहनं नक्षलवाद्यांनी जाळली. त्या घटनास्थळाकडे शीघ्र कृती दलाचे जवान खासगी गाडीतून निघाले. जांभुळखेड्याजवळ लेंडारी नाल्यापाशी गाडी आली आणि रस्त्यात पेरलेल्या सुरुंगाचा स्फोट झाला. १५ जवान आणि गाडीचा चालक, असे १६ जण गेले. त्यानंतर वाहिन्यांवर एकच प्रश्न घोळत राहिला: ड्रोन, जॅमर, डिटेक्टर असं सगळं असताना हा सुरुंग सापडला कसा नाही? जिल्ह्यातल्या जुन्या जवानांचा प्रश्न वेगळा होता. रस्ता आधी पायी तपासून न घेता गाडी पाठवलीच कशी? ही टीका आजवर थांबलेली नाही आणि ती रास्तच आहे. जिथे शोधच घेतला गेला नाही, तिथे यंत्र चांगलं की वाईट, ही चर्चा फोल ठरते.

हा धडा काही पहिल्यांदा मिळत नव्हता. मार्च २०१२ मध्ये धानोरा तालुक्यात पुस्टोल्याजवळ केंद्रीय राखीव पोलीस दलाची बस उडवली गेली. ११ मे २०१४ ला चामोर्शी तालुक्यात पावीमुरांड्याजवळ गडचिरोली पोलिसांच्या नक्षलविरोधी सी-६० पथकाचे ७ जवान अशाच स्फोटात मारले गेले, तेही गाडीतच होते. दक्षिण आणि पूर्व गडचिरोलीत ‘गाडीत बसायचं नाही’ हा नियम अशा घटनांतून आला. १९९० मध्ये सी-६० पथक उभं राहिलं तेव्हापासून त्याची खरी ताकद पायात आहे, असं म्हणतात. तरी रात्रभराची तंगडतोड झाल्यावर परतीच्या वाटेला एखादी गाडी मिळाली की माणूस बसतो, आणि सुरुंग पेरणारा नेमका त्याच क्षणाची वाट बघत असतो. सुरुंगरोधक गाड्यांनीही हा प्रश्न पुरता सुटला नाही. सप्टेंबर २००५ मध्ये शेजारच्या छत्तीसगडमधल्या विजापूर भागात पदेड्याजवळ अशीच एक गाडी उडवली गेली आणि २४ जण ठार झाले.

लपवलेलं स्फोटक शोधण्याच्या आजच्या सगळ्या पद्धतींचा आढावा घ्यायचा तर आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ‘बॉम्ब शोधणारं यंत्र’ असं काही नसतं. कोणतं यंत्र धातू शोधतं, कोणतं जमिनीतला वेगळेपणा, कोणतं सर्किट, तर कोणतं रसायनाचा वास किंवा अंश. यातल्या एकाचीही खूण मिळाली तरी ‘इथे काहीतरी आहे’ एवढंच कळतं. ते काहीतरी म्हणजे काय, हे शेवटी माणसालाच गुडघ्यावर बसून ठरवावं लागतं.

मेटल डिटेक्टर यातला सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत कामाचा. सैन्याने हातात धरून चालवायचा सुरुंगशोधक दुसऱ्या महायुद्धात युझेफ कोसाट्स्की या पोलिश अधिकाऱ्याने स्कॉटलंडमध्ये तयार केला आणि १९४२ मध्ये अल अलामीनच्या लढाईत वाळवंटातल्या सुरुंगपट्ट्यांतून वाट काढायला तो वापरला गेला. तत्त्व आजही तेच आहे. तारेच्या वेटोळ्यातून बदलतं चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडायचं. खाली धातू असला की त्यात प्रवाह उमटतो, त्याचं उलट क्षेत्र तयार होतं आणि कानातल्या हेडफोनमध्ये सूर चढतो. वाळवंटात हे ठीक. इथे मात्र यंत्राला नाडणारी पहिली गोष्ट म्हणजे खुद्द जमीन. एटापल्ली तालुक्यातलं सुरजागड लोहखनिजासाठी ओळखलं जातं. त्या पट्ट्यातल्या लाल, लोहयुक्त मातीवर डिटेक्टर धरला की काहीही पुरलेलं नसताना तो कुरकुरू लागतो. नव्या यंत्रांत मातीचा हा गोंगाट वजा करण्याची सोय असते, पण ती सोय वापरली की यंत्राची नजरही थोडी अधू होते आणि खोलवरचा बारीक धातू निसटतो. वर माणसांनी टाकलेला कचरा असतोच: बाटलीची बुचं, खिळे, सायकलचे छर्रे, कुंपणाच्या तारेचे तुकडे, जुन्या चकमकीतल्या पुंगळ्या. जगभरच्या सुरुंगसफाईचा अनुभव असा की एका खऱ्या सुरुंगामागे शेकडो खोटे इशारे उकरावे लागतात.

इशारा मिळाल्यावर पुढे काय होतं, ते जवळून बघण्यासारखं आहे. डिटेक्टर बाजूला ठेवला जातो. शोधणारा पालथा पडतो किंवा गुडघे टेकतो, आणि एक लांब सळई जमिनीत तिरपी, साधारण तीस अंशांत, हलक्या हाताने सारतो. ती उभी कधीच खुपसायची नाही. पेरलेल्या वस्तूचा दाब ओळखणारा भाग वरच्या बाजूला असू शकतो. सळईला काही लागलं की एक बोट मागे येऊन माती कडेकडेने मोकळी करायची आणि वस्तूची बाजू उघडी पाडायची. वस्तू उचलायची तर नाहीच, शक्यतो हलवायचीही नाही. दिवसभरात एक माणूस या पद्धतीने फार तर पन्नासेक चौरस मीटर जमीन निर्धोक करतो. यात घाईला जागा नाही, आणि अभियानावर निघालेल्या पथकाला तर सकाळच्या आत दहा-बारा किलोमीटर कापायचे असतात. या दोन गरजांचं कधीच जमत नाही. म्हणून ‘रोड ओपनिंग’ला निघालेलं पथक रस्त्याचा प्रत्येक इंच तपासत नाही. ते मोऱ्या, रपटे, पुलाखालच्या नळ्या, वळणं, नुकतंच काम झालेले तुकडे अशा संशयाच्या जागा तपासतं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी जंगलात चालत सुरुंगापासून बटणापर्यंत नेलेल्या तारेचा माग काढतं. तार सापडली तर नुसता सुरुंगच मिळत नाही, बटण दाबणारा कुठे बसणार होता तेही कळतं.

जमिनीत शिरणाऱ्या रडारचं बरंच कौतुक होतं. ते धातू बघत नाही. रेडिओ लहरी जमिनीत सोडून आतल्या दोन पदार्थांमधला विद्युतगुणांचा फरक टिपतं, त्यामुळे प्लॅस्टिकचा डबाही त्याला दिसू शकतो. मेटल डिटेक्टर आणि रडार एकाच दांड्यावर बसवलेली दुहेरी यंत्रं अनेक सैन्यं वापरतात आणि कोरड्या, सपाट जमिनीवर ती खोटे इशारे खूपच कमी करतात. आपल्याकडे पावसाळ्यात मुरलेलं पाणी आणि चिकणमाती या लहरी गिळून टाकतात. पावसाळा सरला तरी सागाची मुळं, वारुळं, उंदीर-घुशींची बिळं रडारच्या पडद्यावर तितक्याच ठसठशीत उमटतात. डांबरी रस्त्यावर गाडीला जोडून चालवायला हे साधन चांगलं, पायवाटेवर त्याची मातब्बरी उरत नाही. इलेक्ट्रॉनिक सर्किट हेरणारा ‘नॉन-लिनियर जंक्शन डिटेक्टर’, जमिनीतल्या नायट्रोजनची खूण घेणारी न्यूट्रॉनवर आणि अणुकेंद्रांच्या अनुनादावर चालणारी उपकरणं यांचीही तीच गत. प्रयोगशाळेत, विमानतळावर, बंदोबस्ताच्या सभागृहात ती उपयोगी आहेत. पाठीवर घेऊन भामरागडच्या डोंगरात चढायची नव्हेत.

जॅमर मात्र शोधाचं साधनच नाही, हे स्पष्ट केलेलं बरं. तो रेडिओने येणारा इशारा अडवतो, सुरुंग कुठे आहे ते सांगत नाही, आणि स्फोट तारेने घडवायचा असेल तर जॅमरचा काहीच उपयोग नाही.

रसायनाच्या बाजूने पाहिलं तर महाराष्ट्राकडे, विशेषतः पुण्याकडे, बरंच काही आहे. पाषाणच्या उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळेने, म्हणजे एचईएमआरएलने, स्फोटकं ओळखण्याची छोटी पेटी विकसित केली आहे. संशयित पदार्थाच्या कणांवर अभिकर्मकाचे थेंब टाकले की काही मिनिटांत येणाऱ्या रंगावरून स्फोटकाचं कूळ कळतं. याच प्रयोगशाळेने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेबरोबर केलेलं ‘रायडर-एक्स’ हे उपकरण मार्च २०२१ मध्ये पुण्यातच सादर झालं. दोन मीटर अंतरावरून वीस प्रकारची स्फोटकं ओळखण्याची त्याची क्षमता असल्याचं तेव्हा जाहीर करण्यात आलं. दिघीच्या आर अँड डीई प्रयोगशाळेचा ‘दक्ष’ हा दूरनियंत्रित यंत्रमानव जिने चढतो, क्ष-किरणांनी पिशवीच्या आत बघतो आणि पाण्याचा जोरदार फवारा मारून बॉम्बची जोडणी उधळतो. शहरातल्या बॉम्बशोधक व नाशक पथकांना ही सगळी साधनं मोलाची वाटतात. जंगलातली अडचण अशी की ती ‘हे काय आहे’ याचं उत्तर देतात, ‘ते कुठे आहे’ याचं देत नाहीत. पुरलेल्या डब्यापर्यंत पोचल्यावर पेटी कामाला येते, पण तिथवर पोचणं हाच तर खरा प्रश्न.

चंद्रपूर जिल्ह्यात हा गुंता आणखी वाढतो. वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या उघड्या कोळसा खाणींत आणि सिमेंट कारखान्यांच्या चुनखडीच्या खाणींत सुरुंगकामाशिवाय दिवस जात नाही, आणि भद्रावतीला तर आयुधनिर्माणीच आहे. अशा ठिकाणी कामगाराच्या हातावर, डब्यावर, मोटारसायकलच्या हँडलवर स्फोटकाचा अंश सापडला म्हणून कुणी संशयित ठरत नाही. अमोनियम नायट्रेटच्या साठ्यावर आणि वाहतुकीवर २०१२ च्या नियमांनी परवान्याचं बंधन घातलं ते यासाठीच: कायदेशीर मालाला पाय फुटले की पुढे जंगलात त्याचा माग काढणं शंभरपट अवघड होतं. माझ्या मते भूसुरुंगाचा शोध खाणीच्या मॅगझिनच्या, म्हणजे स्फोटकांच्या कोठाराच्या, नोंदवहीपासूनच सुरू व्हायला हवा. डिटोनेटरचा हिशेब रोजच्या रोज जुळतो की नाही हे तपासण्याइतकं स्वस्त शोधतंत्र दुसरं नाही. पण त्याचं उद्घाटन करता येत नाही, त्यामुळे त्याची बातमीही होत नाही.

आता श्वान. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांनंतर ‘झंजीर’ या लॅब्रॅडॉरने हजारो किलो आरडीएक्स हुडकून दिलं. सर्वत्र दिला जाणारा आकडा ३,३२९ किलोंचा आहे. तो गेला तेव्हा त्याला पोलिसी इतमामात निरोप देण्यात आला. अमेरिकेने इराक आणि अफगाणिस्तानात पेरलेले बॉम्ब शोधण्याच्या तंत्रज्ञानावर अब्जावधी डॉलर ओतले. २०१० मध्ये हे काम पाहणाऱ्या खात्याचे प्रमुख लेफ्टनंट जनरल मायकल ओट्स यांनी हिशेब मांडला तो असा: यंत्रांच्या भरवशावर निम्मे बॉम्ब सापडतात, श्वान आणि स्थानिक माणसं सोबत असली तर ऐंशी टक्क्यांपर्यंत. हे वाचून गडचिरोलीतल्या कुणालाही आश्चर्य वाटलं नसेल.

श्वानाला प्रत्यक्षात काय कळतं, तेही समजून घ्यायला हवं. आरडीएक्ससारख्या स्फोटकांची वाफ जवळजवळ नसतेच. श्वान बहुधा त्यातल्या अशुद्ध घटकांचा, द्रावकांचा, कधी प्लॅस्टिक स्फोटकात मुद्दाम मिसळलेल्या खुणेच्या रसायनाचा वास घेतो. ही खूण मिसळण्याचं बंधन १९९१ च्या माँट्रियल करारानं आणलं, घरगुती मिश्रणांना अर्थातच ते लागू नाही. वास मातीतून झिरपून वर यायला वेळ लागतो. ओलसर माती तो सोडते, खडखडीत कोरडी माती धरून ठेवते. सापडल्यावर श्वानाने भुंकायचं नाही, उकरायचं नाही, गपकन बसायचं. कसलेला हँडलर त्याआधीच सावध होतो: शेपटीची लय बदलते, डोकं मागे वळतं, दोन पावलं ओलांडलेल्या जागेकडे श्वान परत येतो. हँडलर बदलला की हे वाचन नव्याने शिकावं लागतं. केंद्रीय राखीव पोलीस दलाने या कामासाठी बेल्जियन मॅलिनॉय जातीवर भर दिला, कारण ती काटक असते. पण विदर्भाच्या उन्हापुढे तीही हात टेकते. पारा ४५ अंशांपुढे गेला की श्वान धापा टाकू लागतो, आणि धापा टाकणारं नाक हुंगत नाही. नक्षलवाद्यांचा आक्रमक मोहिमेचा, ‘टीसीओसी’चा काळ मात्र नेमका फेब्रुवारी ते जूनच्या सुरुवातीचा. जंगलातली पानं गळून दूरवर नजर जाते, नदीनाले आटलेले असतात आणि शोधाचं सर्वांत चांगलं साधन सकाळच्या दोन-तीन तासांतच संपतं.

टांझानियाच्या ‘अपोपो’ संस्थेच्या उंदरांचं नाव अलीकडे मराठी वर्तमानपत्रांतही झळकलं. कंबोडियात काम केलेल्या ‘मगावा’ या उंदराला २०२० मध्ये ब्रिटनमधल्या संस्थेने सुवर्णपदक दिलं. हे उंदीर इतके हलके असतात की सुरुंगावरून चालले तरी तो फुटत नाही. पण त्यांना दोरीने आखलेली, गवत कापलेली पट्टी लागते. गस्तीत ते निकामी, पण आखून केलेल्या सफाईत एकदम कामाचे. पुढे जे मांडायचं आहे त्यात हा फरक महत्त्वाचा ठरतो.

ड्रोनबद्दल अपेक्षा फुगवून सांगितल्या जातात. उकरलेली माती आणि आजूबाजूची माती संध्याकाळी वेगवेगळ्या वेगाने निवते आणि औष्णिक कॅमेऱ्याला तो फरक दिसतो, हे खरं. उघड्या मुरमाच्या रस्त्यावर, पेरणी ताजी असताना. सागाच्या आणि बांबूच्या छपराखाली किंवा महिन्याभरापूर्वी पुरलेल्या डब्याबाबत नाही. २६ एप्रिल २०२३ ला दंतेवाड्यात अरनपूरजवळ १० जवान आणि चालक, ६ जानेवारी २०२५ ला विजापूर जिल्ह्यात कुटरू भागात ८ जवान आणि चालक मारले गेले. दोन्ही ठिकाणी सुरुंग रस्त्याच्या पोटात होता, वर नव्या मातीची खूण राहिलेली नव्हती. पक्का रस्ता झाला की सुरुंग पेरता येत नाही, हा एके काळचा सरकारी विश्वास तिथे निकालात निघाला.

एक प्रकरण मात्र प्रत्येक खरेदी समितीच्या भिंतीवर टांगून ठेवावं असं आहे. ‘एडीई ६५१’ नावाची, अँटेना लावलेली मूठ जेम्स मॅकॉर्मिक या ब्रिटिश माणसाने इराकला बॉम्बशोधक म्हणून विकली. बगदादच्या नाक्यांवर सैनिक ती घेऊन उभे राहत आणि गाड्या स्फोटकं घेऊन पुढे जात. ती मूळची गोल्फचे चेंडू शोधायच्या खेळण्यावरून केलेली होती, आत काहीच नव्हतं. २०१३ मध्ये त्याला दहा वर्षांची कैद झाली. यंत्राची परीक्षा घ्यायची तर ते धरणाऱ्यालाही लपवलेली जागा माहीत नसताना घ्यावी, एवढी साधी अट त्या साऱ्या व्यवहारात कुणी घातली नव्हती.

गडचिरोलीत प्रत्यक्ष सुरुंग सापडतात ते कसे? मे २०२४ मध्ये टिपागडच्या डोंगरात स्फोटकं भरलेले ६ प्रेशर कुकर आणि ३ क्लेमोर पाइप मिळाले आणि पथकाने ते जागच्या जागी नष्ट केले. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, नोव्हेंबर २०२४ मध्ये, भामरागडच्या पर्लकोटा नदीच्या पुलापाशी पेरलेली स्फोटकं उघडकीला आली. एकाचा स्फोट झाला, दुसरं पथकाने निकामी केलं. दोन्ही ठिकाणी सुरुवात मिळालेल्या माहितीने झाली, यंत्र नंतर आलं. सी-६० मधले बहुतेक जवान इथलेच, गोंडी-माडिया बोलणारे. बाजाराच्या दिवशी रस्त्यावर माणूस का नाही, गुराख्याने आज वाट का बदलली, कडेचा मुरूम वेगळ्या रंगाचा का, हे त्यांना खटकतं. बाहेरून आलेल्या तुकडीला ते दिसतही नाही. माहितीची किंमत मात्र गावाने मोजली आहे. ‘खबऱ्या’ ठरवून मारल्या गेलेल्या आदिवासींची नावं या जिल्ह्यात गावोगाव आहेत. म्हणून माहितीला ‘सर्वांत प्रभावी तंत्र’ म्हणताना माझी लेखणी अडखळते.

१५ ऑक्टोबर २०२५ ला नक्षलवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं ठेवली. त्यानंतर प्रश्नाचं रूप बदलतं. तार धरून बसलेला माणूस उठून गेला तर तारेचा सुरुंग जवळजवळ मुका होतो. पण दाबाने फुटणारा सुरुंग आणि डोंगरात पुरलेला डंप, म्हणजे स्फोटकांचा साठा, कुणाची वाट बघत नाहीत. विजापूर, सुकमा आणि झारखंडच्या पश्चिम सिंहभूममध्ये मोहाला, तेंदूला, गुरांमागे गेलेल्या गावकऱ्यांचे पाय अशाच सुरुंगांनी नेले आहेत. गडचिरोलीत तारेच्या सुरुंगांचा भर मोठा होता, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. ऑपरेशन पराक्रमच्या वेळी पाकिस्तानच्या सीमेवर सैन्याने पेरलेल्या सुरुंगांचे नकाशे होते, तरी ते काढताना माणसं गेली. इथे नकाशाच नाही. जो आहे तो आत्मसमर्पण केलेल्यांच्या डोक्यात.

गस्तीचा शोध आणि सफाईचा शोध ही दोन वेगळी कामं आहेत. गस्तीला एक वाट सुरक्षित हवी असते, सफाईला सगळी जमीन. आंतरराष्ट्रीय सुरुंगसफाईची मानकं म्हणूनच यंत्राने सुरुवात करत नाहीत. आधी गावात बसून विचारपूस, कुठे स्फोट झाला, कुठे कुणी जात नाही, याची नोंद. मग संशयाचा पट्टा आखायचा, आणि शेवटी तेवढ्याच पट्ट्यात डिटेक्टर, श्वान, उंदीर, सळई. कोलंबियात २०१६ च्या शांतता करारानंतर एफएआरसीच्या माजी बंडखोरांनीच ‘उमानिसेमोस’ नावाची संस्था काढून हे काम शिकून घेतलं. तिथलेही सुरुंग घरगुती, धातू कमी असलेले आणि दाट जंगलात पुरलेले होते. भारताने सुरुंगबंदीच्या ओटावा करारावर सही केलेली नाही आणि नागरी सुरुंगसफाईची वेगळी यंत्रणाही आपल्याकडे उभी नाही. हे काम पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकांवरच येऊन पडतं.

पण इथे दोन गोष्टी तयार आहेत, त्यांच्याकडे फारसं कुणाचं लक्ष नाही. एक म्हणजे वनविभाग. एप्रिल २०१२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात पळसगाव परिक्षेत्रातल्या गोंडमोहाडीला शिकाऱ्यांच्या लोखंडी सापळ्यात दोन वाघ अडकले, त्यातला एक मेला. पाणवठ्यांभोवती पालापाचोळ्याखालचे असे सापळे हुडकायला वनरक्षक मेटल डिटेक्टर वापरतात. जंगलाचा प्रत्येक तुकडा त्यांच्याकडे कक्ष क्रमांकाने नोंदलेला आहे. स्फोट, डंप, संशयित जागा यांची नोंद याच कक्षवार नकाशावर चढवता येईल, नवा नकाशा काढायची गरज नाही. दुसरी म्हणजे ग्रामसभा. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि नंतर जिल्ह्यातल्या शेकडो गावांना. आज त्यातल्या कित्येक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करतात, कोणतं कुटुंब कोणत्या डोंगरावर जातं हे त्यांना पाठ असतं. तेंदूच्या झुडपांची छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, पानं तोडायला मे महिन्यात अख्खं गाव पहाटे जंगलात असतं. त्याआधी कोणते कक्ष तपासायचे, हे ग्रामसभेने सांगावं, आत्मसमर्पितांकडून त्याची खातरजमा व्हावी, आणि श्वानपथक डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तिथे जावं, जेव्हा त्याचं नाक दुपारपर्यंत टिकतं.